आत कोणी ओळखीचं आहे का?

भिवंडीत छताच्या पंख्यावर कापसाची धूळ साचते ना, तसे किस्से साचतात. कोणी मुद्दाम जमवत नाही. आपण खाली बसून चहा पीत असतो आणि वर थर चढत असतो. एक दिवस पंखा बंद पडतो, आपण स्टुलावर चढतो आणि म्हणतो, "अरे बापरे, एवढं?"

माझा पंखा बंद पडून बरेच दिवस झाले. म्हणून आज स्टुलावर चढलोय.

सत्तरच्या दशकात कामतघरला माझं लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, स्पेअर पार्टचं दुकान होतं. दुकानापुढच्या बाकावर संध्याकाळी तिघं हमखास यायचे. हनीफभाई लूमवाले, डॉक्टर दवाखानावाले आणि वसंतशेठ पाटील. वसंतशेठची लूम कामतघरला, पण जीव अंजूरला. तिथे खाडीच्या अंगाला वसंतशेठ धरून चार भावांचं सामाईक भाताचं शेत होतं. त्याच्या कोपऱ्यात, बांधाला लागून, एक उभा दगड. वसंतशेठच्या वडिलांना त्यांच्या इच्छेप्रमाणे तिथेच अग्नी दिलेला. पितृपक्षात त्या दगडापुढे पान ठेवल्याशिवाय त्यांच्या घरात कोणी घास घ्यायचं नाही. आणि त्या शेतात चपला घालून पाऊल टाकायचं नाही, मग तुम्ही कलेक्टर का असेना!

हे आधीच सांगून ठेवलं, कारण पुढचं सगळं त्या शेतावरून आहे.

* * *

आमच्यात गोल्फ आणला एका गोऱ्या साहेबाने. हनीफभाईंच्या भावाकडे सायझिंगचं, म्हणजे सुताला खळ लावायचं, मशीन बसवायला विलायतेहून इंजिनियर आला होता. मशीन येईना, साहेब कंटाळला. वसंतशेठने त्याला अंजूरला नेऊन खाडीची कोळंबी खायला घातली. दुसऱ्या दिवशी साहेब आपली गोल्फची पिशवी घेऊनच हजर झाला. भात कापून झालं होतं, शेत मोकळं होतं. त्याने पहिला चेंडू जो हाणला तो थेट खाडीत.

वसंतशेठ खूष! "आयला, दगड मारायचाच खेल हाय की! ह्यो तर मना लहानपनापासून येतंय."

जाताना साहेब पिशवी वसंतशेठला देऊन गेला आणि एक मंत्रही देऊन गेला. तुमचा स्वतःचा क्लब असेल, आणि आत ओळखीचं कोणी असेल, तर जगातला कुठलाही क्लब तुम्हाला पाहुणा म्हणून आत घेतो.

झालं! अंजूर गोल्फ क्लब स्थापन झाला. डॉक्टरांना इंग्रजी येतं म्हणून ते अध्यक्ष. माझ्याकडे टाइपरायटर म्हणून मी सेक्रेटरी. हनीफभाई कॅप्टन, कारण त्यांना दुसरं काही व्हायचं नव्हतं. शेतात डालड्याचे नऊ डबे पुरले, नऊ होल झाले. शुक्रवारी लूम बंद. हनीफभाई नमाज पढून आले की खेळ सुरू. भाताची खुंटं बोचरी, म्हणून प्रत्येक फटक्याआधी चेंडूखाली कापडाची चिंधी अंथरायची, हा आमचा नियम. चपला बांधावर, हा वसंतशेठच्या बापाचा नियम.

* * *

त्या काळात विलायतेतल्या गिरण्या बंद पडत होत्या आणि त्यांची जुनी मशीनं इकडे येत होती. एका मोठ्या व्यापाऱ्याबरोबर मशीन तपासायला वसंतशेठ पहिल्यांदा विमानात बसला. बॅगेत दोन शर्ट, सुकट आणि मी टाइप केलेलं क्लबचं पत्र.

तिथल्या एका क्लबच्या दारावर त्याला पहिला प्रश्न आला, "आत कोणी ओळखीचं आहे का?"

कोणी नव्हतं. पण पत्र बघून सेक्रेटरी विरघळला. नऊ होल का, वा! समुद्राजवळ का, वा वा! म्हणाला, "या, खेळा."

वसंतशेठ मैदानाच्या कडेला गेला, वाकून नमस्कार केला आणि बूट-मोजे काढून आत शिरला.

पाच मिनिटांत बाहेर! अनवाणी माणूस त्या गवतावर आजवर कोणी पाहिला नव्हता. सेक्रेटरी म्हणाला, बूट घाला नाहीतर जा. वसंतशेठ बूट हातात घेऊन निघून आला.

हनीफभाई हसून हसून बाकावरून पडायचे बाकी राहिले. "वसंतभाई, पहन लेते ना जूते! इतनी दूर गये थे!"

"शेतान चपला घालून कसा जाऊ?" वसंतशेठ म्हणाला. "तिकडं पन कुनाचा तरी बापूस असल ना!"

* * *

दुसऱ्या खेपेच्या आधी एक वाईट गोष्ट झाली. वसंतशेठच्या धाकट्या भावाने आपला वाटा एका गुदामवाल्याला विकला. रातोरात तारेचं कुंपण आलं. नवाचे सहा होल झाले.

वसंतशेठ माझ्यापुढे येऊन बसला. "भास्कर, पत्रान नऊच लिव."

मी डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टर म्हणाले, "सहा म्हणजे सहा. अध्यक्षाची सही आहे खाली."

"डाक्टर, डबे अजून जमिनीत हायेत! कुंपनाच्या पल्याड असले म्हनून काय झाला?"

मी सहा लिहिलं. त्या दिवशी तो चहा न पिताच गेला. मला अजून तो थंड झालेला कप दिसतो.

* * *

ती खेप जपानची. तिथे तर मेंबर बरोबर असल्याशिवाय क्लबचं झाडसुद्धा बघू देत नाहीत. पण ज्याच्याकडे हे मशीन बघायला गेले होते, तो मालकच मेंबर. त्याने स्वतः गाडीतून नेलं. दारातच सगळ्यांनी बूट काढले. वसंतशेठ म्हणतो, माझ्या डोळ्यात पाणी आलं! पण खेळायला निघताना पुन्हा दुसरे बूट दिले. ह्या वेळी त्याने मनातल्या मनात बापाची माफी मागितली आणि घातले.

मैदान म्हणजे हिरवी मखमल. मालकाने फटका मारला, दुसऱ्याने मारला. वसंतशेठची पाळी आली. त्याने खिशातून भिवंडीची चिंधी काढली, गवतावर नीट अंथरली, वर चेंडू ठेवला आणि हाणला. सवय हो!

जपानी माणसं एकमेकांकडे बघत राहिली. कोणी हसलं नाही. मालक पुढे झाला, त्या चिंधीपुढे कमरेत वाकला. मग त्याने आपला रेशमी रुमाल काढला, गवतावर पसरला आणि त्यावर चेंडू ठेवला. पाठोपाठ त्याच्या बरोबरच्या दोघा मॅनेजरांनीही रुमाल काढले!

शेवटच्या होलपर्यंत सगळे रुमालावरून खेळले म्हणे.

* * *

आफ्रिकेतला किस्सा हनीफभाईंना आवडायचा नाही. तो निघाला की ते पान आणायला उठायचे, कारण तिथे त्यांचे चुलतभाऊ होते आणि त्यांच्याही वाट्याला हेच आलेलं होतं.

वसंतशेठ कापडाचे नमुने घेऊन गेला होता. क्लब जुना, गोऱ्या मळेवाल्यांच्या वेळचा. राज्य बदललं होतं, दारावरचा म्हातारा बदलला नव्हता. त्याने पत्र वाचलं, वसंतशेठला खालून वर बघितलं आणि फार अदबीने म्हणाला, "आपल्यासारख्या पाहुण्यांना आम्ही बुधवारी घेतो."

वसंतशेठने मुक्काम वाढवला. बुधवारी इस्त्रीचा सूट घालून गेला.

बुधवारी क्लब बंद असतो!

"मग काय केलंस?" मी विचारलं.

"काय करनार? फाटकाला हात लावून बघितला. चांगला लोखंड होता."

* * *

एकदा उलटा प्रकार झाला. मुंबईचे एक साहेब हनीफभाईंकडे कापडाच्या सौद्याला आले. मुंबईतल्या बड्या क्लबचे मेंबर. बोलता बोलता त्यांना अंजूर क्लबचं कळलं. म्हणाले, "मला खेळायचंय." शुक्रवारच होता. त्यांना गाडीत घालून अंजूरला नेलं.

वसंतशेठ बांधावर बसला होता. उठलाच नाही.

"आत कोणी ओळखीचं आहे का?" त्याने विचारलं. शुद्ध मराठीत, पुस्तकातल्यासारखं!

साहेबांना वाटलं थट्टा आहे. थट्टा नव्हती. हनीफभाई म्हणाले, "मेरे साथ आये हैं, वसंतभाई." वसंतशेठ म्हणाला, "तू बाहेर उभा हायस. मी आतला विचारतंय." साहेब रुमालाने घाम पुसत उन्हात उभे. आमचीच लाज जायची पाळी आली. मला खरं तर वसंतशेठचा राग आला होता, आणि आतून बरंही वाटत होतं.

शेवटी पलीकडे मासळी सुकवत बसलेली त्याची आई ओरडली, "येऊ दे रं त्याला! मी वलखतंय. मगाशी गाडीतनं उतरला तवा सुकट घेतलान माझ्याकडशी, वास घेऊन घेतलान. मानूस बरा हाय!"

साहेबांनी बूट काढले आणि आत आले.

* * *

मग मधल्या भावाने वाटा विकला. सहाचे तीन झाले. पुढच्या वर्षी थोरल्याच्या मुलीचं लग्न ठरलं आणि उरलेला तुकडाही निघाला. त्याचा सातबारा दोघा भावांचा सामाईक, दोघांच्याही सह्या पाहिजेत. वसंतशेठने सही केली. गुदामवाल्याने शब्द दिला, "पाटील, तुमच्या वडिलांच्या दगडाला हात लावणार नाही. केव्हाही या, आपलंच समजा."

आम्ही डबे काढायला गेलो, तर मुरूम पडून वर रोलर फिरला होता. एकही डबा सापडला नाही.

त्याच वर्षी वसंतशेठ शेवटचा विलायतेला गेला. त्याच सेक्रेटरीच्या क्लबवर! ह्या वेळी बूट घालून जायचं ठरवूनच गेला होता. मी पत्र टाइप करून देत होतो, त्याने नको म्हटलं. "किती होल लिवशील?"

तर तिथे दारावर कोणी नाही. फाटक सताड उघडं. आत एक बाई कुत्रा फिरवत होती. तिने सांगितलं, गावातली गिरणी बंद झाली, मेंबर उरले नाहीत, जागा बिल्डरला दिली. खेळा हवं तर, कोणी अडवणार नाही.

इतकी वर्षं ज्या गवतासाठी तडफडला, ते गवत समोर. वसंतशेठ फाटकातूनच परत आला.

"अरे, खेळायचं तरी!" डॉक्टर ओरडले.

"कसा खेलू? अडवाला कुनी नव्हता, वलखीचा पन कुनी नव्हता. आत काय जाऊ?"

* * *

आता शेवटचा, आणि मग चहा सांगतो.

गुदाम उभं राहिलं त्यानंतरचा पहिला पितृपक्ष. वसंतशेठच्या वडिलांची तिथी. त्याची आई सकाळपासून पाण्याचा थेंब न घेता ओटीवर बसलेली. दगडापुढे पान ठेवून वसंता आला की मग जेवीन म्हणत होती. वसंतशेठने केळीच्या पानात भात, वडे, घारगे बांधून घेतले आणि आमच्याकडे आला. एकट्याने जायचा धीर होईना त्याला. आम्ही चौघं रिक्षाने अंजूरला गेलो.

जिथे बांध होता तिथे भिंत. जिथे पहिला डबा होता तिथे लोखंडी फाटक. फाटकावर नवा वॉचमन, उत्तरेकडच्या मुलुखातून नुकताच आलेला. आत कापडाच्या गाठींचे डोंगर. दगडाचा कोपरा गाठींच्या मागे गेला होता. दगड आहे की नाही, फाटकातून दिसत नव्हतं.

"कहाँ?" वॉचमनने हात आडवा केला.

"अंदर जाने का हाय," वसंतशेठ म्हणाला. "शेठने बोला हाय, कभी भी आओ."

"शेठ बंबई में है. हमको ऑर्डर नहीं."

हनीफभाई पुढे झाले, चार शब्द उर्दूत बोलले. डॉक्टरांनी आपण डॉक्टर असल्याचं सांगितलं. वॉचमन वाईट माणूस नव्हता. वसंतशेठच्या हातातलं पान बघून तो जरा नरमला.

"चाचा, अंदर कोई पहचान का है क्या?"

आम्ही तिघांनी एकदम वसंतशेठकडे बघितलं.

"हाय ना," तो म्हणाला.

"कौन?"

"मेरा बाप."

"अच्छा, तो पहले बोलना था! किधर काम करता है?"

वसंतशेठने गाठींच्या मागचा कोपरा दाखवला. "उधर. वो कोने में."

"खाना लाये हो उसका?"

"हां."

"नाम बोलो, बुला देता हूँ. बाहर आके ले लेगा."

वसंतशेठने नाव सांगितलं. वॉचमन फाटकाला कडी लावून आत गेला, गाठींच्या मधल्या बोळात उभा राहिला आणि तोंडाशी दोन्ही हात धरून हाका मारायला लागला.

"धर्मा पाटील! ओ धर्मा पाटील! बाहर आओ, तुम्हारा लड़का आया है!"

वसंतशेठने चपला काढल्या आणि पान दोन्ही हातांत धरून फाटकाशी उभा राहिला.