वहिनीची टायपिंगची सीडी

हे मी आईला सांगितलेलं नाही, दादाला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं त्या वहिनीला तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगता येतं — एवढाच तुमचा उपयोग, राग मानू नका.

इंजिनिअरिंगला असताना मी आमच्या नवीन पनवेलच्या घरातल्या कॉम्प्युटरवरून विंडोज पुसून लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टीम घातली. कुणाला विचारलं नाही. विंडोजवाले मला — कसं सांगू — कुणी घास भरवल्याशिवाय न जेवणारे वाटायचे. चोरीची सीडी, मग व्हायरस, मग रडारड. कॉलेजात माझं तोंड उघडायचं नाही; मनात मात्र मी एकेकाला मूर्ख ठरवून मोकळी व्हायचे.

वहिनी उरणजवळच्या करंजाची, नुकती लग्न होऊन आलेली. वयानं मोठी असून मला 'ताई', 'तुमी' म्हणायची. मी तिला 'तू'. तिचं 'हाय-नाय' ऐकलं की मी कपाळाला आठ्या घालायचे — माझी स्वतःची आजी तसंच बोलायची, तरी.

रोडपालीच्या एका शाळेत क्लार्कची जागा निघणार होती. वहिनीला ती हवी होती, फार हवी होती. त्यासाठी मराठी टायपिंगची परीक्षा पास व्हायला हवं. क्लासवाल्यांनी घरी सरावाला सीडी दिली. अर्थात विंडोजची.

"ताई, जरा बगा ना, उघडतच नाय. तुमचा कॉम्प्युटर माज्यावर रुसलाय काय?"

"यावर चालत नाही ते."

मला तेव्हा तसं खरंच वाटत होतं का? — नाही. बघा, इथंही पळवाट शोधतेय. लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवायला 'वाइन' नावाची सोय असते. ती माझ्याकडे होती. ज्या विंडोजला नावं ठेवायचे, त्याचाच एक गेम मी या वाइनवर गुपचूप खेळायचे. वहिनी माहेरी गेली तेव्हा मी तिची सीडी लावून पाहिली. पहिल्याच फटक्यात चालली. उतारा, घड्याळ, चुका मोजणं — सगळं जिथल्या तिथं.

मी ते बंद केलं. काढून टाकलं. का? ती रोज माझ्या खुर्चीत बसून टकटक करणार म्हणून? की तिला — 'हाय-नाय' म्हणणाऱ्या हिला — जमून गेलं असतं तर, म्हणून?

मग तिनं जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर कीबोर्ड काढला. ओट्यावर ठेवून, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत त्यावर बोटं चालवायची. मी पाणी प्यायच्या निमित्तानं जाऊन बघायचे. मैत्रिणीला मेसेज करून हसलेसुद्धा.

परीक्षेत स्पीड कमी पडला. जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. "झाली ना हौस?" दादा म्हणाला. "आता पुरे." तिनं पुन्हा परीक्षा दिली नाही.

निकालाच्या दिवशी ती कोलंबी सोलत बसली होती. मला म्हणाली, "कागदावर मस्त पलायची ओ ताई बोटं. खऱ्या बटनांवरच अडकली. माजीच बोटं जड, दुसरं काय."

"प्रॅक्टिस कमी केलीस तू," मी म्हणाले.

"हां, तसंच आसंल."

अजूनही कुणी विचारलं तर ती कमी प्रॅक्टिसचं हेच कारण सांगते. मी शेजारी असते तेव्हासुद्धा. मी मान डोलावते.