बाबांच्या पेशी आणि खजरान्याची मेंढी

एम.डी.च्या दुसऱ्या वर्षी मला मेंढी हवी होती. सत्तरच्या दशकातलं इंदूर. मेडिकल कॉलेजात माझा प्रबंध चालला होता रोगाशी लढणाऱ्या लिम्फोसाइट पेशींवर. त्या दोन जातींच्या, टी आणि बी. सूक्ष्मदर्शकाखाली दोघी सारख्याच गोल. ओळखायची युक्ती एकच: टी पेशीच्या अंगावर असं एक प्रथिन असतं, की मेंढीच्या लाल पेशी त्याला येऊन चिकटतात. टी पेशीभोवती लाल पेशींचं कडं जमलं की झालं फूल. बी पेशीकडे त्या ढुंकूनही बघत नाहीत.

"कॉलेजात ससे आहेत, उंदीर आहेत. मेंढीचं तुम्ही बघा," सर म्हणाले.

बाबा रेल्वेत क्लार्क. रविवारी ते मला शहराबाहेर खजरान्याकडे घेऊन गेले. तिथे शेतात मेंढपाळ उतरले होते.

"काटोगे तो नी देवां," त्यांच्यातला म्हातारा म्हणाला.

"काटना नहीं बाबाजी, बस थोड़ा खून चाहिए," मी म्हटलं. म्हातारा दोन पावलं मागे सरकला.

बाबांनी बाजू सावरली. डॉक्टरनी आहे, जपून ठेवेल, उन्हाळ्यात जाताना घेऊन जा. मेंढी टेम्पोतून राजेंद्र नगरला आमच्या अंगणात आली.

"लोक काय म्हणतील?" आई म्हणाली. चार दिवसांनी तीच तिला मेथी चारत होती. दर आठवड्याला मी मानेतून सिरिंजभर रक्त काढायची आणि आई लगेच गूळ घेऊन धावायची. एकदा तर तिने मला अडवलंच.

"आज नाही. तोंड उतरलंय तिचं."

"आई, मेंढीचं तोंड असंच असतं!"

"मग यांचं घे ना. रोज पोहे-जलेबी खातात, भरपूर असेल."

माणसाच्या लाल पेशी चालत नाहीत, हे तिला पटेना. पण तुलनेसाठी निरोगी माणसाच्या पांढऱ्या पेशी हव्याच होत्या, तेव्हा बाबांनी बाही वर केली.

त्यांच्या पांढऱ्या पेशी आणि मेंढीच्या लाल पेशी यांचं मिश्रण रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून सकाळी पाहिलं, तर एकही फूल नाही. नळी कशी हलवली, सरांनी विचारलं. मी हलवून दाखवली.

"अहो, सरबत नाही ते! चिकटलेल्या पेशी सुटतात. हळूच फिरवा."

पुढच्या वेळी हळूच फिरवली, आणि काचेवर फुलंच फुलं. मी आईबाबांना कॉलेजात बोलावलं.

"अगं बाई, शेंगदाण्याला साबूदाणा चिकटलाय!" आई ओरडली.

"शेंगदाणा माझा का?" बाबांनी विचारलं.

"तुमचा. साबूदाणा मेंढीचा."

बाबा दिवसभर ताठ चालत होते.

ते प्रथिन तिथे असतं कशाला, हे तेव्हा सरांनाही ठाऊक नव्हतं. पुढे कळलं, त्याच्याच आधाराने टी पेशी शरीरातल्या इतर पेशींना धरते आणि त्या पकडीतून लढायला तयार होते. मेंढीच्या लाल पेशींवर त्याला जुळणारं प्रथिन आहे, म्हणून त्या फुकटात चिकटतात. त्याला नावही मिळालं, सीडी-टू.

उन्हाळा लागला तसा म्हातारा कळप घेऊन आला. मेथी-गुळावर सुटलेलं मेंढीचं पोट बघून त्याला ती ओळखूच येईना; आईला म्हणाला, "बाईजी, या म्हारीज है?" ती कळपात शिरली आणि चालू लागली. आई फाटकाशी उभी.

"एकदा वळून तरी बघावं की नाही?"

"सुई टोचणाऱ्या घराकडे कोण वळून बघणार?" बाबा म्हणाले.