मंडईमागची जागा

बारामतीच्या मंडईमागं बेघरांच्या निवाऱ्यासाठी स्वतःच आखलेली चुन्याची फक्की तो चपलेनं पुसत होता. गल्लीतली माणसं ओरडत होती, "हितं चोरटे आणून ठेवता व्हय?"

"तुमचं बी खरं हाय," तो म्हणाला.

नगरपालिकेतला हा माणूस रोज माझ्याकडून कोथिंबीर न्यायचा. चांगली जुडी निवडायचा, आणि शेजारणीनं तिची पुढं केली की माझी खाली ठेवायचा. नाही म्हणणं त्याला जमायचंच नाही. माणूस वाईट नव्हता, हेच मला डाचतं.

"अरं बाबा, उघड्यावर झोपणारे हमाल हितलेच. जागा तूच हेरलीस न्हवं?" मी म्हटलं.

"व्हय मावशी, पण सगळ्यांचं ऐकाया लागतं."

हमालांना मात्र कुणी विचारलं नाही. निवारा गावाबाहेर, इंदापूर रस्त्याला झाला. चांगला बांधलाय, पंखेसुद्धा आहेत. मंडईत पहाटेच मालाच्या गाड्या लागतात, म्हणून एक हमाल आणि त्याची बायको तिथून अंधारातच चालत यायची. एका पहाटे उसाच्या ट्रॉलीनं दोघांना उडवलं.

बाई तेवढी वाचली.