मग रोवणा कोण करणार?

सुधाकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी तुमसरला, माझ्या दुकानात, कुणाचा तरी प्रिंटर उघडून बसलो होतो. त्याच्या किडन्यांनी बरेच दिवस छळलं होतं. तरी हा पठ्ठ्या यमालाही चकवून पुन्हा कॉम्प्युटरसमोर येऊन बसेल असं वाटायचं... या खेपेला नाही आला.

आमची ओळख तुमसरच्या सायबर कॅफेतली. आमच्या जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन थोडीच वर्षं झाली होती. गावं वसवा, फौज उभारा, शत्रूला लोळवा, असा एक लढाईचा गेम आम्ही वेड्यासारखा खेळायचो. सिहोऱ्याचा सुधाकर मात्र खेळण्यापेक्षा त्या गेमसाठी नवे नकाशे बनवण्यात रमला. आम्ही किल्ले मागायचो, हा तलाव काढायचा, तलावाची पार म्हणजे बांध काढायचा आणि खाली धानाच्या बांध्या, भाताची खाचरं. पुढे शाळेत गणित शिकवायला लागला, लग्न झालं, पण नाद सुटला नाही. नकाशाला नकाशा जोडत त्यानं अख्खी मोहीम रचली. कुणी न सांगता एवढं नेटकं काम करणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

मोहिमेच्या शेवटच्या नकाशात एका तलावावर दोन गावं आणि दोघांत हाडवैर. पलीकडचं गाव बेचिराख केलं की खेळणारा हरतो! मीही हरलो आणि भडकलो. "अबे, सगळे मारले ना मी! मंग हारलो काहून?"

"मारले ना? आता रोवणा कोन करन?" तो शांतपणे म्हणाला.

आमच्याकडे या गावच्या बाया त्या गावच्या बांध्यांत उतरल्याशिवाय रोवणा, म्हणजे धानाची लावणी, उरकत नाही. ते त्यानं लढाईच्या गेममध्ये घातलं होतं. इंटरनेटवरच्या फोरमवर नकाशा टाकला, तर तक्रारींचा पाऊस: नकाशा बिघडलाय. असे नकाशे जमवणाऱ्या एका साइटवाल्यांनी कळवलं, शेवट बदला, मोहीम घेतो. आपलं काम बाहेरच्यांनी खेळावं, एवढी एकच हाव होती त्याला. डायलिसिसहून आला की आधी फोरम बघायचा. मी म्हटलं, "बदलून टाक ना बे, तुह्यं काय जाते?"

"कोनाले तरी समजनच," एवढंच बोलला. मला त्याचा रागही आला आणि अभिमानही वाटला.

गेल्या आठवड्यात त्याच्या घरी गेलो. वहिनींनी कॉम्प्युटर सुरू करून दिला. फोरमवर एका अनोळखी खेळाडूचा निरोप येऊन पडला होता: पलीकडच्या गावात फौज नाही, रोवणारी माणसं पाठवली आणि जिंकलो. पुढचा नकाशा कधी?

मला रडू आवरलं नाही. हा निरोप थोडा आधी यायला काय झालं होतं...

वहिनींनी एक फाइल उघडली. काठोकाठ भरलेला तलाव. गाव नाही, माणूस नाही.

"अर्धवटच राहिला," मी म्हणालो.

"नाई जी भाऊजी. हे आंधी पानीच भरत. मानसं मंग येतेत म्हनत." त्यांनी माउस माझ्याकडे सरकवला. "देऊन टाका त्यायले."

मी तो तलाव तसाच फोरमवर टाकला. खाली लिहिलं, पाणी भरून ठेवलं आहे, माणसं तुम्ही आणा.