फाटक लावणारा जावई

घरच्या लग्नकार्यात जेवणं उरकली की कोणीतरी म्हणतंच, "इंजिनाचं सांगा ना." मग मी सुरू होतो. सासरे रेल्वेत ड्रायव्हर. त्यांचं इंजिन वाफेचं, विलायतेत घडलेलं, त्यांच्या वडिलांपेक्षाही वयानं मोठं. यवतमाळहून अरुंद रुळांवरून निघायचं आणि चढावर दमलं की उभं राहायचं. वाफ धरेपर्यंत लोक शेतातून हरभरा उपटून आणायचे. रुळावरून घसरायचं तेही सभ्यपणे, एक चाक खाली टेकवून. उतारू जॅक लावायला धावायचे, त्यातले अर्धे फक्त सल्ले द्यायला. लोक हसतात. मी तिथंच थांबतो. पुढचं लग्नात सांगण्यासारखं नाही.

मी पुसदचा. आमच्या गावाला रेल्वे नाही, त्यामुळे रेल्वेतलं आम्हाला सगळं कळतं. पहिल्या दिवाळसणाला सासुरवाडीला गेलो आणि हट्ट धरला, इंजिनावर बसायचंच. तेही लग्नातला कोट घालून.

"बापू, काजळी लागन कोटाले," सासरे म्हणाले.

"लागू द्या, मामाजी."

नियमात बसत नव्हतं. पण जावयाला नाही कसं म्हणायचं?

त्या लाइनीवर फाटकाला वेगळा माणूस नसे. फाटकवाला गाडीतूनच यायचा. गाडी अलीकडं थांबायची, तो उतरून दोन्ही बाजूंची फाटकं लावायचा, हिरवी झेंडी दाखवायचा. गाडी पलीकडं जाऊन परत थांबायची, तो फाटकं उघडून धावत येऊन चढायचा. कापसाचे भाव पडलेले ते दिवस. व्यापारी कापसाला हात लावेनात, म्हणून सगळ्या गावांच्या बैलगाड्या सरकारी खरेदी केंद्रावर. त्यांची रांग दोन-दोन दिवस हलायची नाही, आणि केंद्राजवळच्या फाटकात ती थेट रुळांवरून गेलेली.

त्या दिवशी फाटकवाल्याचा पाय सुजला होता. तो कण्हत उठला, तसा मी म्हणालो, "तुम्ही बसा. मी लावतो."

"बापू, इंजिन काही म्हैस नोय," सासरे हसले, "हात दाखवला आन् थांबली."

पण झेंडी त्यांनी दिली.

मी रुळांवरच्या बैलगाड्या मागं-पुढं करवल्या, अलीकडचं फाटक लावलं, पलीकडचं ओढत आणलं आणि झेंडी दाखवली. साखळी तेवढी अडकवायची राहिली होती. इतक्यात एक गाडीवान हात जोडून म्हणाला, "साहेब, माही एकच गाडी जाऊ द्या ना. माहा नंबर जाईन."

आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी साहेब म्हटलं होतं. अर्थात कोटाला. मी पलीकडचं फाटक उघडलं. रूळ ओलांडून अलीकडचंही उघडून देईन, आगगाडी काय, रांगतच येतेय, असा हिशोब.

बैल शिट्टीला बुजले आणि रुळांतच अडले. सासऱ्यांच्या बाजूनं बॉयलरआड काही दिसत नव्हतं. फायरमन ओरडला, ब्रेक लागले, तरी इंजिन आलंच. गाडीवान उडी मारून वाचला. एक बैल गेला. इंजिनाच्या तोंडावर कापूस चिकटला होता, आणि दुसरा बैल जू ओढत तसाच उभा होता.

सासरे उतरले. त्यांनी आधी बैलाकडं पाहिलं, मग माझ्या हातातल्या झेंडीकडं. ती काढून घेतली.

"मागच्या डब्यात जाऊन बसा. तुमी इंजिनावर नवतेच."

"पण मामाजी, चूक माझी..."

"नवी मास्तरकी हाय तुमची. पोलिसात नाव गेलं तं राहीन का? आन् पोरगी माही हाय."

मी जाऊन बसलो. हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली.

चौकशीत त्यांनी सांगितलं, "फाटक लागायच्या आधीच मी शिट्टी न देता गाडी घातली." फाटकवाला सुटला, मी तर कागदावर नव्हतोच. गाडीवानानं सांगितलेला कोटातला साहेब कोणी शोधला नाही. सासऱ्यांना इंजिनावरून उतरवून शेडमध्ये राख काढायला लावलं.

बायको एकदा म्हणाली, "बाबा अन् शिट्टी देणार नाहीत? शक्यच नाही."

मी म्हणालो, "वय होतं माणसाचं."

पुढं डिझेल आलं. वाफेच्या इंजिनाची शेवटची फेरी निघाली तेव्हा त्याला हार घातले, नारळ फुटला. चालवायला बाहेरचा ड्रायव्हर. सासरे धुतलेला सदरा घालून गर्दीत मागं उभे होते, शेजारी मी. इंजिनानं धक्का खाल्ला, डबे एकमेकांवर आदळले.

"एकदम उघडते का कोनी वाफेचा रेग्युलेटर?" ते पुटपुटले. त्यांचा उजवा हात हळूहळू हवेत काहीतरी ओढत होता.

बोलायची हीच वेळ होती. मी तोंड उघडलं.

"मामाजी, चहा घेता?"

गाडी दिसेनाशी होईस्तोवर ते तिकडंच पाहत होते. मग म्हणाले, "तुमी घ्या, बापू."

मी घेतला.