अक्कांनी ओट्यावर मांडलेला संसार

तार आली तेव्हा माझे दोन्ही हात ज्वारीच्या पिठात होते. तारवाला सही मागत होता. शेवटी शेजारच्या वहिनींनी सही केली, त्यांनीच तार वाचली आणि माझ्या हातावर पाणी घातलं. माझी नणंद, आमच्या अक्का, माळशिरसला धाकट्या भावजींकडं वारल्या होत्या. मी म्हटलं, "काहीतरी चुकलंय हो, त्या परवा यायच्या होत्या की." आम्ही पोचेपर्यंत माती देऊन झाली होती. उन्हाळ्याचे दिवस, थांबणार तरी किती? महिना होऊन गेला या गोष्टीला. रडू येतं, पण खरं सांगायचं तर रडण्यापेक्षा थकल्यासारखंच जास्त वाटतं.

माळशिरसला त्या पाहुणचाराला गेल्या नव्हत्या. भावजींना साखर कारखान्यात मोठं क्वार्टर मिळालं, जुना पसारा काढायचा होता, आणि आमच्या नात्यागोत्यात जुना पसारा काढायचा म्हटलं की अक्कांना बोलावणं यायचंच. घरातली वापरलेली वस्तू मोडीत न घालता, चांगल्या भावानं, घरच्या ओट्यावरून विकावी तर अक्कांनीच. त्यांचे यजमान पोलीस खात्यात. आज बार्शी, उद्या करमाळा, परवा अक्कलकोट. दर बदलीला निम्मा संसार विकायचा आणि नव्या गावात पुन्हा उभा करायचा. यजमान गेल्यावर एक नवारीची खाट आणि एक ट्रंक घेऊन त्या सोलापुरात भवानी पेठेत आमच्याकडं आल्या, त्या कायमच्या. मूलबाळ नव्हतं. आल्या दिवसापासून माझ्या आमटीला नावं ठेवायला लागल्या. "गिरिजे, ही आमटी हाय की तांब्या विसळलेलं पाणी गं?" दिवसातून दहादा अशी काहीतरी टोचणी. मीही काही गप्प बसायची नाही. आमचं मेतकूट जमायला लई वर्षं गेली.

दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आमच्या घरमालकांनी जागा रिकामी करायला सांगितलं. त्यांना खोल्यांमधे यंत्रमाग बसवायचे होते. माणूस भला होता, पण भल्या माणसालासुद्धा माग बसवायचेच असतात. आम्हाला गावाबाहेर नव्या वसाहतीत दोन खोल्या मिळाल्या. पाच खोल्यांचा पसारा दोन खोल्यांत बसणार कसा? भावजी मदतीला म्हणून आले, आणि जेवताना दोघा भावांत अक्कांचं काय करायचं ते बोलणं निघालं. अक्का समोरच भाकरी वाढत होत्या. अक्कांना कानडी यायचं, मराठी यायचं, घरमालकांशी त्या तेलुगूत भांडायच्या आणि बोहारणीशी उर्दूत. उरलं इंग्रजी. हे शाळेत मास्तर, भावजी कारखान्यात कारकून, दोघं हळूहळू इंग्रजीतून बोलत राहिले. पण माळशिरस हे इंग्रजीतसुद्धा माळशिरसच असतं हो... ते तीन-चारदा आलं. अक्का भाकरी वाढायच्या थांबल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "उद्या रविवार. गिरणीचा पगार झालाय. उद्याच मांडू."

अक्कांची रीत ठरलेली. वस्तू मंगळवारच्या बाजारात न्यायची नाही, तिथं ती भंगार होते. माणसाला घरी बोलवायचं, म्हणजे वस्तू कोणत्या घरात नांदली ते दिसतं. तांब्या-पितळेला चिंच लावून लख्ख करायचं. कंदील विकायचा तर भर दिवसा लावून ठेवायचा. स्टोव्ह विकायचा तर त्याच्यावरच चहा करून गिऱ्हाइकाला पाजायचा, म्हणजे तो पेटतो का हे विचारायची त्याला सोय राहत नाही. फुटक्या कानाचे कप किटलीबरोबर फुकट द्यायचे. केरसुणी मात्र विकायची नाही, लक्ष्मी ती. आणि घरच्या माणसानं वस्तूजवळ उभं राहायचं नाही. "तुमी कहाणी सांगत बसता," त्या म्हणायच्या, "ही परात माझ्या आईनं दिली आन् काय न् काय. गिऱ्हाईक रडून घरी जातं, परात हितंच." गिऱ्हाइकासमोर 'हे विकायचं नाही' असंही म्हणायचं नाही, कारण तसं म्हटलं की त्याला नेमकं तेच हवंसं वाटतं आणि बाकीचं सगळं फिकं पडतं.

एवढं बजावूनही ह्यांनी सकाळीच घोटाळा केला. एक म्हातारे गृहस्थ घंगाळाचा भाव करत होते. अक्का हटायला तयार नाहीत, तेही नाहीत. ह्यांना राहवेना. पुढं होऊन कानडीत म्हणाले, "अक्का, निम्म्याला देऊन टाक, ऊन वाढायलंय." म्हातारबाबांनी अस्सल अक्कलकोटी कानडीत उत्तर दिलं, "मालक म्हणतात तर निम्म्याला घेतो बापडा." सोलापुरात राहून कानडी ही गुपिताची भाषा समजणारे आमचेच मास्तर! अक्कांनी कपाळावर हात मारला आणि ह्यांना आत पिटाळलं. घंगाळ गेलं. सासऱ्यांचं नाव कोरलेली भांडी गेली, आज निम्मी भवानी पेठ त्यांच्या नावानं पाणी पीत असेल. मी आत-बाहेर करून करून पार दमले होते. पाय ठणकत होते, डोकं उठलं होतं.

दुपारी बाहेर आले तर ओट्याच्या टोकाला अक्कांची खाट उभी. नवार नव्यानं ताणलेली, पाय पुसलेले, वर धुतलेली चादर. शेजारी त्यांची ट्रंक, रिकामी, झाकण उघडं. त्यांनी पहाटेच उठून हे सगळं केलं असणार. टॉवेलच्या कारखान्यात जाणारी एक बाई खाट दाबून बघत होती आणि अक्का इतर वस्तूंसारखाच खाटेचाही भाव सांगत होत्या. आवाजात काही फरक नाही. भावजी मान खाली घालून चहा पीत होते. हे दारात उभे. त्या क्षणी मला दोघा भावांचा इतका संताप आला, इतका, की काय सांगू. आणि त्या बाईचा, त्या खाटेचा, अक्कांच्या त्या शहाणपणाचासुद्धा. मी सरळ जाऊन खाटेवर बसले.

"ही विकायची नाही," मी म्हटलं.

"उठ गं," अक्का दातओठ खात म्हणाल्या. "गिऱ्हाइकापुढं असं बोलतात व्हय?"

"बोलतात. ही खाट आमच्याबरोबर नव्या घरी येणार. आणि खाटेवरचं माणूसही येणार."

हे हळूच म्हणाले, "अगं, पण जागा..."

"जागा मी बघते. तुम्ही आत जावा."

ती बाई बिचारी गोंधळून माझ्याकडं आणि अक्कांकडं बघत राहिली. अक्का आत मोरीत गेल्या, बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला. तोंड धुऊन बाहेर आल्या त्या थेट त्या बाईकडं. खाट गेली म्हणून हिरमुसलेल्या त्या बाईला त्यांनी स्टोव्ह विकला, तोही चढ्या भावानं. मग माझ्या जवळून जाताना म्हणाल्या, "धंदा बुडवशील माझा." त्यांचा हात माझ्या खांद्यावर एवढासा टेकला.

मग चार-पाच वर्षं त्या आमच्या दोन खोल्यांत राहिल्या. कौतुक करत नाही, हाल झाले. खाटेनं बाहेरची खोली व्यापली. पाहुणा असो नसो, हे ओट्यावरच झोपायचे. भांडणंही झाली. आमटीला नावं ठेवणं शेवटपर्यंत चालूच होतं. पण माळशिरसचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही, आणि शेवटी त्यांना तिथंच जाऊन मरायचं होतं... नशीब म्हणतात ते हेच असावं. भावजी परवा येऊन गेले, तेव्हा रडत सांगत होते. त्यांच्या पसाऱ्याची विक्री छान झाली. रात्री ते म्हणाले, "अक्का, आता मोठं घर हाय, तुला एक खोली देतो, हितंच राहा." अक्का म्हणाल्या, "तुझ्याकडं जागा झाली, बरं झालं की. पण मला घरी जायला पाहिजे. गिरिजेला एकटीला काय जमतंय?" दुसऱ्या दिवशी दुपारी जरा पडते म्हणून पडल्या, त्या उठल्याच नाहीत.

गेल्या आठवड्यात मागच्या ओळीतल्या बाई आल्या. त्यांची मुलगी बाळंतपणाला आलीय, जमिनीवर झोपते. खाट पडून आहे का, म्हणून संकोचत विचारत होत्या. मी नवार ताणली, पाय पुसले, चादर घालून खाट त्यांच्या घरी पोचवली. भाव काही सांगितला नाही, सांगताच येईना.

बाहेरच्या खोलीत आता जागाच जागा झालीय. हे काल रात्री तिथं सतरंजी घालून पडले, आणि थोड्या वेळानं उठून सवयीनं ओट्यावर जाऊन झोपले.