बेडकाच्या कातडीचा पंचनामा

सप्टेंबरमधल्या एका मंगळवारी, मधल्या सुट्टीत, आठवीच्या वर्गातल्या काचेच्या टाकीत एका बेडकाने स्वतःची कातडी काढून खाल्ली. ते एकाच मुलीने पाहिले.

शाळा वडगाव मावळची. मी तिथे विज्ञान शिकवते. टाकीतले दोन बेडूक तळेगावात शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानातून आणले होते. अंगठ्याच्या पेराएवढे, जन्मभर पाण्यात राहणारे, श्वासापुरते वर येणारे. मुलांनी ते पाहायचे आणि पाहिलेले मागच्या फळ्यावर लिहायचे, असे ठरले होते. लिहिणाऱ्याखेरीज आणखी एकाने तरी ते पाहिलेले असले पाहिजे, हा नियम मी पूर्वी वर्तमानपत्रात काम करत असताना शिकले होते. मुले त्याला पंचनामा म्हणू लागली आणि दुजोरा देणाऱ्याला पंच. तहसील कचेरी शाळेच्या जवळच आहे, आणि अवकाळी पावसानंतर पिकांचे पंचनामे बऱ्याच जणांच्या शेतावर झालेले आहेत.

ती मुलगी घोरावाडीहून लोकलने येई. फळ्यावर तिची अजून एकही नोंद नव्हती. ही तिला हवी होती, म्हणून सुट्टी संपताच तिने वर्गात सगळे सांगितले.

"बेडकाने शर्ट काढला म्हणे," मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला. "पँट कधी काढणारे?"

वर्ग हसला. तिची शेजारची मैत्रीण उभी राहिली. "मॅडम, मी पण पायलं. लिवा माझं नाव."

"कातडी कुठून सुटायला लागली?" मी विचारले.

मैत्रिणीने टाकीकडे पाहिले. "शेपटीकडनं."

बेडकांना शेपटी नव्हती. वर्ग पुन्हा हसला, या वेळी बराच वेळ.

"तू कुटं होतीस सुट्टीत?" मुलीने तिला विचारले.

"नळावर, डबा धुवत. पण तू पायलंस ना? मग झालं की. आमच्या भाताचा पंचनामा झाला तवा पंच घरी चहा पीत बसलं होतं. सह्या केल्या, संपलं."

"त्यांनी भात आधी बघितला असंल."

"व्हय, रस्त्यावरनं दिसतो तो."

"मग तू नको होऊ पंच. मी तुला दाखवते."

नोंद फळ्यावर गेली नाही.

तिची लोकल शाळा भरण्याच्या बरीच आधी येई. रोज सकाळी ती आधी टाकीपाशी जाई. कातडी काढण्याआधी बेडूक दुधात बुडवल्यासारखा पांढुरका पडला होता, एवढे तिच्या लक्षात होते. महिना संपण्याच्या सुमारास एका सकाळी दोन बेडकांपैकी एक तसाच दिसला. मधल्या सुट्टीची घंटा झाल्यावर तिने मैत्रिणीला दाराशी अडवले.

"डबा हितंच खा. नळ कुटं जात न्हाई."

दोघी टाकीसमोर डबे उघडून बसल्या. मागच्या बाकावरचा मुलगा आधी मैत्रिणीच्या डब्यातल्या चटणीसाठी आला आणि मग तिथेच थांबला. मी तेव्हा शिक्षकांच्या खोलीत होते. मुले धावत बोलवायला आली, पण मी पोहोचेपर्यंत टाकीत दोन स्वच्छ, काळपट बेडूक तरंगत होते आणि पाण्यात काहीही उरलेले नव्हते.

मी मैत्रिणीला आणि त्या मुलाला एकेकट्याला व्हरांड्यात बोलावून तोच प्रश्न विचारला.

मैत्रीण म्हणाली, "पाठीवर फाटली. मग मागच्या पायांनी ढकलली. मोजा काढतो तशी. डोक्यावरनं आली ती दोन्ही हातांनी तोंडात कोंबली."

मुलगा म्हणाला, "पाठीवरनं सुरुवात. शेवटी डोकं. गिळली सगळी." मग जाता जाता म्हणाला, "पँटपण काढली, मॅडम. एकदमच."

त्या दुपारी मागच्या फळ्यावर घोरावाडीच्या मुलीच्या अक्षरात एक ओळ लिहिली गेली: बेडकाने कातडी काढली व खाल्ली. तिच्या नावाखाली पंच म्हणून मैत्रिणीचे नाव होते, आणि त्याखाली मागच्या बाकावरच्या मुलाचे.